प्रवास करून आलेली अंडी

1 जानेवारी 1913 रोजी अमेरिकेच्या टपाल खात्यानं पार्सल पोस्ट सुरू केली. तोवर टपालानं चार पौंडांपेक्षा जड काही पाठवता येत नसे. आता अकरा पौंडांपर्यंतची मुभा मिळाली. त्या रात्री बारा वाजून गेल्यावर लगेचच सेंट लुइस शहरातून सहा अंडी इलिनॉय राज्यातल्या एडवर्ड्सव्हिल गावी रवाना झाली. तिथं ती फोडून केकमध्ये घातली गेली आणि तो केक त्याच संध्याकाळी टपालानंच सेंट लुइसला परत आला. नवी सेवा अंड्यासारखी नाजूक वस्तूही सांभाळून नेते, हे लोकांना पटवायला एवढं पुरेसं होतं.

केकसाठी अंडं फुटलं नाही म्हणजे झालं. उबवणीच्या अंड्याचं तसं नाही. ते अखंड पोचूनही वाया गेलेलं असू शकतं, कारण बाहेरून काही दिसत नसलं तरी आतली मांडणी विस्कटलेली असते. आणि उलटही घडतं: धक्के खाल्लेल्या, दोन-तीन दिवस गाडीत फिरलेल्या अंड्यातून ठणठणीत पिल्लू निघतं. हे दोन्ही का घडतं आणि त्यात माणसाच्या हातात किती असतं, हे आता पाहू.

पिल्लं मिळत असताना अंडी कशाला?

एक दिवसाचं पिल्लू हे अंड्यापेक्षा चांगलं प्रवासी असतं. अंड्यातून बाहेर येण्याच्या सुमारास पिल्लू उरलेला पिवळा बलक नाभीवाटे पोटात ओढून घेतं, आणि त्या शिदोरीवर ते दाणापाण्याशिवाय सुमारे तीन दिवस काढू शकतं. निसर्गात याचा उपयोग उघड आहे. सगळी पिल्लं एकाच वेळी निघत नाहीत. मागून येणाऱ्यांसाठी आई अंड्यांवर बसून राहते तेव्हा आधी निघालेल्यांना उपाशी थांबावं लागतं. माणसानं हीच सवलत प्रवासासाठी वापरली. 1892 मध्ये न्यू जर्सीतल्या स्टॉक्टनच्या जोसेफ विल्सन यांनी रेल्वे एक्सप्रेसनं ओहायो राज्यातल्या ईस्ट लिव्हरपूलला पिल्लं पाठवली. 1918 पासून अमेरिकी टपालानं एक दिवसाची पिल्लं रीतसर स्वीकारायला सुरुवात केली, आणि आजही ती जन्मापासून 72 तासांच्या आत पोचली पाहिजेत असा नियम आहे.

तरीही अंडी मागवली जातात, त्याची कारणं व्यवहाराची आहेत. पिल्लं वाटेत एकमेकांच्या उबेवर तगतात, म्हणून ती थोडीथोडकी पाठवता येत नाहीत. दुर्मीळ जातीच्या पाच-दहा कोंबड्या परसात पाळणाऱ्याकडे एका वेळी तेवढी पिल्लं नसतात. डझनभर अंडी मात्र असतात. गडद चॉकलेटी अंडी देणारी फ्रान्सची मारान्स, हाडामांसापर्यंत काळी असलेली इंडोनेशियाची अयाम सेमानी, निळ्या कवचाची अंडी देणारी चिलीची अराउकाना, अशा जाती गावोगावी पोचल्या त्यात अंड्यांच्या खोक्यांचा मोठा वाटा आहे.

ही हौस जुनी आहे. 1849 च्या नोव्हेंबरात बॉस्टन शहरात कोंबड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि त्यानंतर काही वर्षं अमेरिकेत आशियाई जातींचं वेडच पसरलं. पुढे कुक्कुटपालनाच्या मासिकांत उबवणीच्या अंड्यांच्या जाहिराती येऊ लागल्या. तेरा अंड्यांचा एक संच विकायची पद्धत पडली, कारण एका कोंबडीखाली साधारण तेवढी मावतात. त्या वेडातली सर्वांत गाजलेली जात म्हणजे ब्रह्मा. सुरुवातीला तिला ‘ब्रह्मपुत्रा’ असंच म्हणत. तिच्या पूर्वजांत चितगावकडचे पक्षी होते असं मानलं जातं. तिकडे इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात आपल्या झुंजीच्या असीलपासून ‘इंडियन गेम’, म्हणजेच कॉर्निश ही जात तयार झाली. आज जगभर खाल्ल्या जाणाऱ्या ब्रॉयलर कोंबडीत या कॉर्निशचं रक्त आहे.

थांबलेला जीव

अंडं घातलं जातं त्या क्षणी त्यातल्या जिवाचं वय साधारण एक दिवस असतं. फलन कोंबडीच्या पोटात, बीजांडवाहिनीच्या तोंडाशीच होतं. पुढचे चोवीस-सव्वीस तास पांढरा बलक, पापुद्रे आणि कवच चढत असताना गर्भाच्या पेशी दुणावत राहतात. अंडं बाहेर येतं तेव्हा पिवळ्या बलकावरच्या त्या पांढुरक्या ठिपक्यात 40 ते 60 हजार पेशी झालेल्या असतात. गावठी अंडं फोडल्यावर पिवळ्यावर कडं असलेला गोल ठिपका दिसला तर ते अंडं सफळ होतं असं समजावं. वांझ अंड्यातला ठिपका बारीक, भरीव आणि वेडावाकडा असतो.

बाहेर पडल्यावर अंडं गार होतं आणि वाढ थांबते. साधारण 20 ते 24 अंश सेल्सिअसच्या खाली गर्भ निद्रिस्त होतो, पण मरत नाही. कोंबडी रोज एक याप्रमाणे दहा-बारा अंडी घालते आणि मग खुडूक होऊन बसते. पहिलं आणि शेवटचं अंडं तरीही जवळपास एकाच दिवशी फुटतं, ते या थांबण्यामुळेच. टपालाचा सगळा खटाटोपही याच विश्रांतीवर उभा आहे.

मात्र या विश्रांतीला मुदत असते. 15 ते 18 अंश तापमान आणि दमट हवा असेल तर आठवडाभर अंडी फारशी खराब होत नाहीत. त्यानंतर दर दिवसाला उबवणक्षमता घसरत जाते आणि घसरणीचा वेगही वाढतो. म्हणून अंडी मागवताना भावाच्या आधी विचारायचा प्रश्न असा की, ती कोणत्या दिवशीची आहेत? चार दिवस गोळा केलेली आणि तीन दिवस प्रवासात गेलेली अंडी म्हणजे पोचेपर्यंत आठवडा संपला.

वाटेत काय बिघडतं

तीन गोष्टी बिघडतात. पहिली तापमानाची. उन्हात उभ्या गाडीत अंडं तापलं की गर्भ अर्धवट जागा होतो, नीट वाढण्याइतकी ऊब नसल्यानं वेडीवाकडी वाढतो आणि पुन्हा गार झाल्यावर खचतो. असं एक-दोनदा झालं की तो संपतो. कडक थंडीत उलटं होतं. आतला द्रव गोठून फुगतो आणि कवचाला तडा जातो.

दुसरी गोष्ट बलकाच्या दोऱ्यांची. पिवळा बलक दोन पिळदार पांढऱ्या दोऱ्यांनी अंड्याच्या मधोमध तोललेला असतो. पिवळ्याची ठिपक्याकडची बाजू हलकी असल्यामुळे अंडं कसंही फिरवलं तरी ठिपका वर येतो. सतत कंप बसला की या दोऱ्या ढिल्या होतात आणि पांढरा बलक पातळ होतो. मग पिवळा इकडेतिकडे आपटतो. त्याचा नाजूक पापुद्रा फाटला तर खेळ तिथंच आटोपला.

तिसरी आणि सर्वांत जास्त आढळणारी इजा हवेच्या पोकळीची. कवचाच्या आत दोन पापुद्रे एकमेकांना चिकटून असतात. अंडं गार होताना आतला ऐवज आकसतो, रुंद टोकाशी ते पापुद्रे विलग होतात आणि मधे हवा शिरते. उकडलेलं अंडं सोलताना रुंद बाजूला जो सपाट खड्डा दिसतो, ती हीच जागा. निरोगी अंड्यात ही पोकळी जागची हलत नाही. हादऱ्यांनी आतला पापुद्रा सुटला की पोकळी एका बाजूला ओघळते, आणि तो फाटलाच तर हवेचा बुडबुडा सुटा होऊन गवंड्याच्या पाणसळीतल्या बुडबुड्यासारखा अंडं कलेल तिकडे धावतो.

ही पोकळी एवढी महत्त्वाची का? विसाव्या दिवशी पिल्लू आयुष्यातला पहिला श्वास बाहेरच्या हवेचा घेत नाही, या पोकळीतल्या हवेचा घेतं. चोचीसमोर हवेऐवजी द्रव आला तर पूर्ण वाढलेलं पिल्लू आतच गुदमरतं. म्हणजे प्रवासाचा मार पुष्कळदा जिवाला बसत नाही, त्याच्या घराला बसतो. आणि त्या बिघाडाची किंमत जिवाला तीन आठवड्यांनी चुकवावी लागते.

हे जाणणारे विक्रेते प्रत्येक अंडं निमुळतं टोक खाली ठेवून गुंडाळतात, फोमच्या कप्प्यात बसवतात आणि खोक्यात दुसरा खोका घालतात. अमेरिकेत अनेक जण पार्सल घरी न मागवता टपाल कचेरीतच ठेवायला सांगतात आणि स्वतः जाऊन आणतात. वाटपाच्या गाडीतल्या उन्हाचे आणि खड्ड्यांचे तेवढे तास वाचतात.

खोका उघडल्यावर

अंडी हातात आली की उबवणीचं यंत्र तयार असतं आणि मनही अधीर झालेलं असतं. या वेळी थांबणं हेच मोठं काम आहे. अंडी लगेच उबेत ठेवू नयेत. गार अंडं एकदम उष्ण, दमट हवेत गेलं की कवचावर घाम येतो. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्या ओलाव्याबरोबर जंतू आत शिरतात. म्हणूनच अंडी धुऊही नयेत. अंडं घालताना कोंबडी कवचावर एक पातळ लेप सोडते आणि ही छिद्रं त्या लेपानं राखलेली असतात. धुतलं की तो जातो.

अंडी ट्रेमध्ये निमुळतं टोक खाली करून, खोलीच्या गारव्यात बारा ते चोवीस तास उभी ठेवावीत. या वेळात पिवळा मध्यावर येतो, तापमान सारखं होतं आणि ओघळलेली पोकळी काही अंशी तरी वर बसते.

मग अंधाऱ्या खोलीत टॉर्चच्या तोंडावर अंडं धरून पाहावं. अंडं निमुळत्या टोकाकडून दोन बोटांत धरायचं, रुंद टोक उजेडाला टेकवायचं आणि अगदी सावकाश कलतं करायचं. आतून अंडं केशरी उजळतं. रुंद टोकाशी हवेची पोकळी फिकट टोपीसारखी दिसते आणि तिची कड रेघेसारखी स्पष्ट असते. या कडेवरून शिसपेन्सिलीनं कवचावर रेघ मारावी. अंडं कललं तरी रेघ आणि पोकळी जुळून राहिली तर ते अंडं सुखरूप आलं. कड पेन्सिलीच्या रेघेखाली घसरली तर पोकळी सुटली आहे. कवचात पांढरी, केसासारखी बारीक रेषा चमकली तर तो तडा. ते अंडं बाजूला काढावं. मारान्ससारख्या गडद कवचातून यातलं फार थोडं दिसतं, तिथं जास्त प्रखर दिवा लागतो.

सुटलेल्या पोकळीची अंडी फेकून देण्याची घाई मात्र करू नये. ती वेगळी खूण करून, उभी ठेवूनच उबवायची असतात.

यंत्रातले अठरा दिवस

कोंबडीच्या अंड्याला 21 दिवस लागतात. जपानी लावेला 17-18, बदकाला 28 आणि मस्कोव्ही बदकाला 35. पंखा असलेल्या यंत्रात 37.5 अंश सेल्सिअस तापमान ठेवतात. पंखा नसेल तर वरची हवा गरम आणि खालची गार राहते, म्हणून अंड्यांच्या माथ्याच्या पातळीला तापमापी ठेवून अंशभर जास्त धरतात. थोडी कमी ऊब पिल्लाला उशीर करते. जास्त ऊब मारते. यंत्रावरच्या आकड्यावर न विसंबता दुसरी, खात्रीची तापमापी आत ठेवावी आणि अंडी घालण्यापूर्वी एक दिवस यंत्र रिकामं चालवून पाहावं.

आर्द्रता सुरुवातीचे अठरा दिवस 50 टक्क्यांच्या आसपास हवी. अंड्यातलं पाणी छिद्रांतून हळूहळू उडतं आणि तेवढी हवेची पोकळी मोठी होते. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन 11 ते 13 टक्के उतरलं पाहिजे. 60 ग्रॅमचं अंडं तोवर साधारण 53 ग्रॅमवर आलं तर आर्द्रता बरोबर होती. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा इथं आर्द्रतामापीपेक्षा खरं बोलतो. वजन कमी उतरत असेल तर पाणी कमी करावं, जास्त उतरत असेल तर वाढवावं.

आता वळवण्याचा प्रश्न. खुडूक कोंबडी दिवसातून कित्येकदा चोचीनं अंडी फिरवते. गर्भ वाढू लागला की बलक हलका होऊन वर येतो आणि गर्भ कवचाच्या पापुद्र्याजवळ जातो. अंडं तसंच पडून राहिलं तर तो तिथं चिकटतो. म्हणून यंत्रात अंडी दिवसातून तीन ते पाच वेळा तरी फिरवावी लागतात. पण पोकळी सुटलेलं अंडं आडवं लोळवलं की बुडबुडा पुन्हा भटकतो. यावर प्रवासी अंडी उबवणाऱ्यांनी मधला मार्ग काढला आहे: अंडी कागदी ट्रेमध्ये उभीच ठेवायची आणि ट्रेच्या एका बाजूखाली ठोकळा सरकवून सगळा ट्रे एकदा इकडे, एकदा तिकडे 45 अंशांपर्यंत कलता करायचा. पहिले काही दिवस अंड्यांना हातच न लावणारेही बरेच आहेत. ती मुदत लांबवू नये, कारण पहिल्या आठवड्यातच वळवण्याची गरज सर्वांत जास्त असते.

बलकाच्या या वर-खाली होण्याचं मोल अवकाशात कळलं. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या जॉन व्हेलिंगर या मुलानं शाळेत असताना सुचवलं की कोंबडीची अंडी अवकाशात उबवून पाहावीत. अंडी प्रक्षेपणाचे हादरे सोसून जातील अशी पेटी त्यासाठी बनवली गेली. पहिली खेप 1986 मध्ये चॅलेंजर यानाबरोबर नष्ट झाली. मार्च 1989 मध्ये डिस्कव्हरी यानातून 32 अंडी गेली: निम्मी दोन दिवस उबवलेली, निम्मी नऊ दिवसांची. नऊ दिवसांचे गर्भ तगले आणि त्यांच्यातून पृथ्वीवर पिल्लं निघाली. दोन दिवसांच्या अंड्यांतून एकही निघालं नाही. गुरुत्वाकर्षण नसल्यानं हलका बलक वर सरकला नाही आणि कोवळ्या गर्भाला कवचाजवळची जागा मिळाली नाही, असं त्याचं स्पष्टीकरण देण्यात आलं. वाढीच्या सुरुवातीला अंड्याच्या आत कोण कुठं आहे यावर सगळं अवलंबून असतं, हे त्या लांबच्या प्रवासानं दाखवलं.

सातव्या दिवशी पुन्हा टॉर्च घ्यावा. मधे गडद ठिपका आणि त्यातून चहूकडे फुटलेल्या लाल शिरा दिसल्या तर गर्भ जिवंत आहे. सगळं स्वच्छ केशरी असेल तर अंडं वांझ होतं किंवा गर्भ अगदी सुरुवातीलाच गेला. शिरांऐवजी रक्ताचं एकच गोल कडं दिसलं तर तो जगून मग मेला. अरिस्टॉटलनं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात रोज एक अंडं फोडून ही वाढ लिहून ठेवली. तीन दिवस-रात्रींनंतर पांढऱ्यात रक्ताचा ठिपका धडधडताना दिसतो, हे त्याचं निरीक्षण आजही कुणालाही पडताळता येतं.

शेवटचे तीन दिवस

अठराव्या दिवशी वळवणं थांबवायचं, आर्द्रता 65-70 टक्क्यांवर न्यायची आणि झाकण बंद. पिल्लू आता पोकळीच्या दिशेनं मान वळवून बसलेलं असतं. सुटलेल्या पोकळीची अंडी या टप्प्यातही उभीच ठेवणं बरं.

विसाव्या दिवसाच्या सुमारास चोच आतला पापुद्रा फोडून पोकळीत शिरते आणि कानाशी अंडं धरलं तर आतून चिवचिव ऐकू येते. मग वरच्या चोचीच्या टोकावरच्या टणक दातानं कवचाला पहिला तडा जातो. इथून पुढे बारा ते चोवीस तास काहीच घडत नाही असं वाटतं. घडत मात्र पुष्कळ असतं: फुप्फुसं चालू होतात, पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या आटतात आणि बलक पोटात जातो. या वेळी कीव येऊन कवच सोलू लागलात तर रक्त वाहतं आणि पिल्लू मरतं. झाकण वारंवार उघडलं तर दमट हवा निसटते, पापुद्रा वाळून पिल्लाला आवळतो. तयारी झाली की ते स्वतःच फिरत फिरत कवच गोल कापतं आणि टोपी ढकलून बाहेर येतं. प्रवासी अंड्यांत निमुळत्या टोकानं फुटणारी, अडकणारी पिल्लं जास्त असतात. पोकळी जागेवर नसली की पिल्लाची दिशा चुकते.

यश किती मानावं?

घरच्या ताज्या, सफळ अंड्यांतून बहुतेक पिल्लं निघतात. प्रवास केलेल्या अंड्यांत निम्मी निघाली तरी अनुभवी माणूस खूश असतो. तेव्हा चार कोंबड्या हव्या असतील तर चार अंडी मागवून भागत नाही. निम्मे नर निघणार हे धरून सोळा अंड्यांचा हिशेब करावा लागतो.

अंड्याबरोबर रोगही प्रवास करतो, हेही विसरता कामा नये. पुलोरम हा साल्मोनेला जंतूचा रोग आजारी कोंबडीच्या अंड्यातून थेट पिल्लात उतरतो आणि एकेकाळी त्यानं उबवणी केंद्रंच्या केंद्रं पोखरली होती. अमेरिकेत 1935 साली नॅशनल पोल्ट्री इम्प्रूव्हमेंट प्लॅन ही योजना मुख्यतः त्याच्यासाठी सुरू झाली. कळपांची तपासणी आणि राज्याबाहेर जाणाऱ्या अंड्यांसोबत तसा दाखला, ही तिथली रीत आहे. आपल्याकडेही कडकनाथ आणि असीलची अंडी लांबून मागवली जातात. मागवणाऱ्यानं जातीच्या शुद्धतेइतकीच कळपाच्या आरोग्याची चौकशी करावी, आणि आलेली पिल्लं काही आठवडे जुन्या कोंबड्यांपासून दूर ठेवावीत.

न निघालेली अंडी तेविसाव्या दिवशी, उघड्यावर आणि सांभाळून फोडून पाहावीत. आत वाढीची काहीच खूण नसेल तर दोष नराच्या संगतीचा, शिळेपणाचा किंवा वाटेतल्या उष्णतेचा असू शकतो. पहिल्या आठवड्यात थांबलेले गर्भ बहुधा साठवण आणि प्रवासाकडे बोट दाखवतात. मधल्या आठवड्यातले मृत्यू तापमान, जंतुसंसर्ग किंवा आईच्या आहारातली उणीव सांगतात. पूर्ण वाढून आत राहिलेलं पिल्लू आपल्या यंत्रातली आर्द्रता, वळवणं किंवा बिघडलेली पोकळी यांची साक्ष देतं. पेन्सिलीची रेघ, वजनाची नोंद आणि ही तपासणी एकत्र मांडली की पुढच्या खेपेला विक्रेत्याला काय सांगायचं आणि स्वतः काय बदलायचं हे ठरवता येतं. त्यामुळे न निघालेली अंडी न फोडता उकिरड्यावर टाकू नयेत.